धुराचा रंग बघून इंजिन उतरवू नका

सकाळी सेल्फ मारला आणि सायलेन्सरमधून पांढरा लोट आला, की गाडीतळावर निदान तयार असतं: हेड गॅस्केट गेलं. धूर निळा असला तर रिंगा गेल्या, काळा असला तर पंप दाखवा. या पद्धतीत तथ्य आहे. पांढरा धूर न जळालेल्या डिझेलचा किंवा पाण्याच्या वाफेचा, निळा ऑईलचा, काळा अर्धवट जळालेल्या डिझेलचा, हे कुणीही नाकारणार नाही. पण रंगावरून कळतं ते काय बाहेर पडतंय एवढंच. ते कुठून आलं, हे रंग सांगत नाही आणि मालकाचा खिसा रिकामा होतो तो नेमका तिथेच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून सोळा-अठरा पट आकसली की तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. डिसेंबरात निफाडकडे रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रकचा ब्लॉक, लायनर, पिस्टन सगळंच गार पडलेलं असतं. दाबलेल्या हवेची उष्णता ते लोखंड ओढून घेतं. सेल्फवर इंजिन संथ फिरतं, त्यामुळे दाबही रिंगांच्या कडेने निसटतो. मग थोडं डिझेल न पेटताच वाफ होऊन बाहेर येतं. हा धूर डोळ्यांना झोंबतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो आणि इंजिन जरा तापलं की तो विरतो. अशा गाडीचं हेड खोलायला लावणं हा मालकावर अन्याय आहे.

याच्या उलट टोकाचं मत चालकांचं: थंडीत सगळ्याच गाड्या धूर मारतात. तेही मला मान्य नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, आयडलिंगला एक सिलिंडर मिस होत असेल, तर नोझल ठिबकत असेल किंवा कॉम्प्रेशन बसलं असेल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून बघतो. ज्या सिलिंडरचा नट सोडल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, दोष त्या सिलिंडरचा. कॉमन रेल गाडीत मात्र हा प्रयोग कदापि करू नये. त्या पाइपातला दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे स्कॅनरच लावावा.

सर्वांत जास्त फसवणूक निळ्या धुराच्या नावाखाली होते. व्हॉल्व्हचे सील कडक झाले की रात्रभरात गाइडमधून ऑईल खाली झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा फुत्कार येतो आणि थोड्याच वेळात सायलेन्सर साफ होतो. रिंगा झिजलेली गाडी अशी वागत नाही. ती तापल्यावर, घाटात लोड पडल्यावरही निळी ओकते, ब्रीदरमधून जोरात हवा फेकते आणि ऑईल खाते. सीलचं काम पिस्टनला हात न लावता होतं. तरी मालकाला सांगितलं जातं, हाफ इंजिन करावं लागेल. हे ऐकून मला खरोखर संताप येतो, कारण त्या बिलापायी कित्येक एकगाडी मालक कर्जात जातात.

म्हणून माझा आग्रह असा: पहिला स्टार्ट मिस्त्रीने स्वतः बघावा. चालवत आणलेली गाडी गॅरेजपर्यंत तापते आणि पुरावा वाटेतच नाहीसा होतो. ती रात्रभर तिथेच उभी ठेवावी. सकाळी सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक आणि कूलंटची खूण बघावी. धुराचा वास गोडसर असेल, कूलंट दिवसेंदिवस उतरत असेल, गार इंजिन सुरू होताच टाकीत बुडबुडे उठत असतील, तर गॅस्केटचा संशय रास्त आहे. बुडबुडे नसतानाही पाणी उतरत असेल तर ईजीआर कूलरही तपासावा.

पीयूसी पास आहे, हे उत्तर इथे लागू पडत नाही. ती चाचणी तापलेल्या इंजिनावर होते. पहाटेचा धूर तिला दिसतच नाही. शिवाय 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-सहा ट्रकमध्ये डीपीएफ काजळी अडवतो. त्यामुळे इंजिन काळं जळत असलं तरी सायलेन्सर स्वच्छ दिसू शकतो. तिथे रंगाचा आधार आणखीच लुळा पडतो.

इंजिन उतरवायला सांगणाऱ्याकडे मालकाने प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचा आकडा कागदावर मागावा आणि तो मिळेपर्यंत एकही बोल्ट सोडू देऊ नये.