विश्लेषण : नोकरी, संसार आणि ऑनलाइन एमबीए... पदवीला मान्यता मिळाली, पण वेळ कुठून आणायचा?

‘नोकरी न सोडता, घरबसल्या दोन वर्षांत एमबीए’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. पदोन्नती अडलेली, मुले शाळेत जाणारी, घराचे हप्ते सुरू. अशा तिशी-पस्तिशीतल्या नोकरदारांना हा पर्याय सोयीचा वाटतो. ही पदवी चालते का, हा प्रश्न आता बऱ्याच अंशी निकाली निघाला आहे. मात्र त्यासाठी लागणारे तास कुठून येणार आणि घरातले कोण ते देणार, याचा हिशेब प्रवेश घेताना क्वचितच मांडला जातो.

ऑनलाइन एमबीए नियमित पदवीइतकेच ग्राह्य आहे का?

होय, पण विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी परवानगी असेल तरच. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मुक्त व दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली लागू केली. मान्यताप्राप्त संस्थांनी दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने दिलेल्या पदव्या पारंपरिक पद्धतीच्या पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे केवळ ‘ऑनलाइन केले’ म्हणून ही पदवी कायद्याने कमी ठरत नाही.

मात्र समकक्षता आणि बाजारातील किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी कंपनी विद्यापीठाचे नाव, उमेदवाराचा अनुभव आणि प्रत्यक्ष काम पाहते. पूर्णवेळ अभ्यासक्रमातील कॅम्पस मुलाखती, वसतिगृहातील ओळखी, उन्हाळी इंटर्नशिप ऑनलाइन अभ्यासक्रमात त्याच स्वरूपात मिळत नाहीत. सध्याच्या क्षेत्रातच वरच्या पदावर जायचे असेल तर या पदवीचा उपयोग जास्त होतो. क्षेत्रच बदलायचे असेल, तर केवळ पदवीवर भिस्त ठेवणे धोक्याचे ठरते.

प्रवेशापूर्वी काय तपासायचे?

यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. विद्यापीठाचे नाव तिथे आहे एवढे पाहून थांबू नये. नेमका कोणता अभ्यासक्रम, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या सत्रासाठी मान्य आहे, हे तिन्ही जुळले पाहिजे. दूरस्थ पद्धतीची मान्यता म्हणजे आपोआप ऑनलाइनची मान्यता नव्हे.

२०२४ पासून दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला याच संकेतस्थळावर ‘डीईबी आयडी’ तयार करावा लागतो. तो ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्याशी जोडलेला असतो. ‘आयडीचे नंतर बघू, आधी पैसे भरा’ असे कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबावे.

पदवी कोण देणार, हेही विचारावे. यूजीसीने जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठांना एडटेक कंपन्यांशी ‘फ्रँचायझी’ करार करता येणार नसल्याचे बजावले. डिसेंबर २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने एडटेक कंपन्या देत असलेल्या मान्यता नसलेल्या पदव्यांबाबत इशारा दिला. एप्रिल २०२४ मध्ये तर ‘१० दिवसांत एमबीए’ अशा जाहिरातींपासून सावध राहण्याचे आवाहन आयोगाला करावे लागले. ‘एक्झिक्युटिव्ह’ वा ‘मिनी एमबीए’ नावाची प्रमाणपत्रे शिकायला उपयोगी असू शकतात, पण ती पदवी नव्हेत.

‘नोकरी सांभाळून’ म्हणजे आठवड्याला किती तास?

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका शैक्षणिक वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १,२०० तासांचा अभ्यास धरला जातो. म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. यात व्याख्याने, वाचन, स्वाध्याय, परीक्षेची तयारी असे सारे आले. दोन वर्षांच्या ८० श्रेयांकांचे २,४०० तास होतात. १०४ आठवड्यांत ते विभागले, तर आठवड्याला सुमारे २३ तास, म्हणजे रविवार धरून रोज तीन तासांहून थोडे अधिक.

काही अभ्यासक्रम याहून मोठे आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे (इग्नू) एमबीए ११६ श्रेयांकांचे आहे. त्याच हिशेबाने ते ३,४८० तास होतात. दोन वर्षांत संपवायचे तर आठवड्याला ३३ तास, म्हणजे जवळपास दुसरी नोकरीच. इग्नू यासाठी कमाल चार वर्षांची मुभा देते. चार वर्षे घेतली तर हाच आकडा आठवड्याला १७ तासांच्या आसपास येतो.

आता हे तास दिवसात बसवून पाहू. डोंबिवलीहून मुंबईत कामाला येणाऱ्या व्यक्तीची नोकरी नऊ तासांची, येण्या-जाण्यात तीन तास आणि झोप सात तास धरली, तर उरतात पाच तास. त्यात स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास, आई-वडिलांचे दवाखाने आणि स्वतःची आंघोळही आली. रोज तीन तासांचा अभ्यास यात बसत नाही, हे कागदावर लिहिताच दिसते. अर्थात, श्रेयांकांचे तास हे प्रमाण आहे. कामाचा अनुभव असलेल्याला हिशेबशास्त्र किंवा विपणन कमी वेळात उमजू शकते. पण तास निम्मे धरले तरी आठवड्याला ११-१२ तास लागतातच.

हा वेळ घरात कुणाच्या वाट्याचा?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटात विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी ३०५ मिनिटे, म्हणजे पाच तासांहून अधिक वेळ घालवतात. २०१९ मध्ये हा आकडा ३१५ मिनिटे होता. याच वयोगटातील ४१ टक्के महिला घरातील मुले, वृद्ध, आजारी यांची देखभाल करतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. जे देखभाल करतात, त्यांतही महिला दिवसाला १४० मिनिटे देतात, तर पुरुष ७४ मिनिटे.

यात नोकरी न करणाऱ्या महिलाही आहेत, त्यामुळे नोकरदार महिलेचा आकडा कमी असू शकतो. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. नवरा एमबीए करतो तेव्हा त्याचे घरातले तास बहुधा पत्नी किंवा आई न बोलता भरून काढते. पत्नी एमबीए करते तेव्हा तिचे तास भरून काढायला कुणी आपणहून पुढे येतेच असे नाही. मग ते तास तिच्या झोपेतून वजा होतात. एकच अभ्यासक्रम, एकच शुल्क, पण दोघांनी मोजलेली किंमत वेगळी. ऑनलाइन शिक्षणाने महाविद्यालयापर्यंतचे अंतर मिटवले; घरातली कामाची वाटणी तशीच राहिली.

परीक्षा आणि उपस्थितीचे नियम किती लवचीक?

व्याख्यानाचे ध्वनिचित्रमुद्रण रात्री अकराला पाहता येते, ही लवचीकता खरीच आहे. परीक्षेची तारीख मात्र आपल्या सोयीने ठरत नाही. यूजीसीच्या नियमावलीनुसार सत्राअखेरच्या परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो आणि सत्रातील अंतर्गत मूल्यमापनाला कमाल ३० टक्के. ऑनलाइन अभ्यासक्रमात चर्चा, स्वाध्याय, चाचण्या अशा उपक्रमांतील ७५ टक्के सहभागही परीक्षेसाठी आवश्यक आहे.

म्हणजे वर्षभर नियमित अभ्यास केला, पण परीक्षेच्या आठवड्यात मूल तापाने फणफणले, तर बहुतेक गुण त्या एका आठवड्यावर अडकतात. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. महाराष्ट्रात जूनमध्ये शाळा सुरू होतात. वह्या-पुस्तके, गणवेश, रिक्षावाल्याची व्यवस्था याच दिवसांत असते. वित्त वा लेखा विभागात काम करणाऱ्यांना मार्चअखेर वेगळीच. त्यामुळे प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाबरोबरच परीक्षांचे वेळापत्रक मागून घेणे शहाणपणाचे.

दिलासा देणाऱ्या तरतुदीही आहेत. पदवीपूर्व आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा व उपस्थितीतील सवलतीचे नियम करावेत, असे यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवले. आपल्या विद्यापीठाने ते केले आहेत का, हे लेखी विचारता येते. अकॅडमिक बँकेत जमा झालेले श्रेयांक साधारण सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. त्यामुळे मध्येच थांबावे लागले तरी आधीचे कष्ट लगेच वाया जात नाहीत.

पैशांचे गणित कसे पाहावे?

सार्वजनिक मुक्त विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठे यांच्या शुल्कात मोठी तफावत असते. महाराष्ट्रात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ एमबीएचा पर्यायही पाहण्यासारखा आहे. शुल्क हप्त्यांनी भरताना करार विद्यापीठाशी आहे की वित्तसंस्थेशी, हे वाचावे. करार वित्तसंस्थेशी असेल, तर अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते सुरू राहू शकतात. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कमाल आठ वर्षे वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही.

कंपनी शुल्क भरणार असेल, तर किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही हे आधी वाचावे. खासगी नोकरीत अभ्यासासाठी रजा हा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. ती कंपनीच्या धोरणावर आणि अनेकदा साहेबांच्या मर्जीवर अवलंबून असते. म्हणून परीक्षेच्या दिवसांची रजा आधीच लेखी मान्य करून घेतलेली बरी.

मग प्रवेश घ्यावा की नाही?

नोकरीत पदवीअभावी अडलेल्यांसाठी, विशेषतः मुलांमुळे किंवा बदलीमुळे शिक्षण सुटलेल्या महिलांसाठी, मान्यताप्राप्त ऑनलाइन एमबीए ही खरी संधी आहे. ती टिकवायची तर दोन वर्षांचा आग्रह सोडून तीन-चार वर्षांचे नियोजन करणे अधिक वास्तव ठरते. शुल्क भरण्यापूर्वी दोन आठवडे रोज तेवढा वेळ बाजूला काढून पाहावा. तो निघतो की नाही आणि निघताना घरात कुणाचे काम वाढते, हे त्यातून कळते. मुलांना शाळेत सोडणे, रात्रीचे जेवण, रविवारची सकाळ यांची वाटणी नवरा-बायकोने आधीच बोलून ठरवली, तर पुढची कुरबूर टळते.

धोरणाच्या पातळीवरही काम बाकी आहे. वर्षात परीक्षेच्या अधिक संधी, एका सत्रात कमी विषय घेण्याची सरसकट मुभा आणि कंपन्यांकडून परीक्षा रजा एवढे झाले, तरी नोकरदारांना ही पदवी पूर्ण करणे बरेच सुकर होईल. आयोगाने पदवीला समान दर्जा दिला आहे. तो मिळवण्यासाठी लागणारा वेळ सध्या तरी प्रत्येक कुटुंबाला आपापल्या घरातूनच काढावा लागतो.