शालीचा जमाखर्च

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्याच्या पठारावर जी कोरडी, अंगाला झोंबणारी थंडी पडते, तिच्या निवारणार्थ सुया-लोकर घेऊन बसण्याचा जो शिरस्ता मध्यमवर्गीय घरांतून दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत होता, तो तयार स्वेटरांच्या सुळसुळाटात जवळजवळ लुप्त झाला असे आपण समजून चाललो होतो. परंतु अलीकडे तोच उद्योग एका निराळ्या आणि अधिक देखण्या स्वरूपात परत आलेला दिसतो. पूर्वी विणले जाई ते बहुधा गरजेपोटी : बाळाचे टोपडे, मोजे, नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर. आता विणल्या जातात त्या शाली. घरच्या शेगडीवर रंगवलेल्या लोकरीच्या, जाळीदार नक्षीच्या, किंवा दोन-तीन रंगांचे पट्टे एकमेकांशी मिळवलेल्या. त्यांचे कौतुक होते, छायाचित्रे निघतात आणि क्वचित विकत मागणाराही भेटतो; मात्र किंमत सांगण्याची वेळ आली की विणणारी बाई संकोचते आणि लोकरीला पडले तेवढेच पैसे सांगते. या संकोचाविषयी मला लिहावयाचे आहे. कारण तो एकीदुकीचा भिडस्तपणा नसून आपल्या सबंध समाजाच्या हिशेबातील एक जुनी गफलत आहे, आणि तिचे दुसरे टोक याच जिल्ह्याच्या माळरानावर, मेंढ्यांच्या कळपापाशी, जाऊन पोहोचते.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. लोकर हा प्राणिज तंतू असल्यामुळे वनस्पतीचे रंग ती आनंदाने घेते. पण त्यापूर्वी लोकरीच्या लडी सौम्य साबणाने धुवून, त्यांच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के तुरटी घातलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवाव्या लागतात. मग डाळिंबाच्या सालीचा काढा पिवळा रंग देतो, आणि त्याच काढ्यात लोखंडाचा अंश मिसळला की तो पिवळा हिरवट करडा होतो. कांद्याची टरफले सोनेरी-नारिंगी छटा देतात. हळद डोळे दिपवते खरी, पण उन्हापुढे तिचा टिकाव लागत नाही. ज्या जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा आणि कांद्याचे मोंढे आहेत, तेथे या जिनसांचा तुटवडा पडण्याचे कारण नाही. सांभाळावयाचे ते उष्णतेला. उकळत्या पातेल्यातून लड एकदम गार पाण्यात टाकली, किंवा घाईने ढवळली, तर तंतू एकमेकांत गुंतून तिचा नमदा होतो आणि मग ती कोणत्याही सुईच्या कामाची राहत नाही. शिवाय बाजारात ज्या गुंड्यांना सर्रास लोकर म्हणतात, त्यांतील बहुतेकांत मेंढीचा केसही नसतो. ते ॲक्रिलिकचे कृत्रिम धागे असतात आणि त्यांच्यावर डाळिंबाचा वा कांद्याचा रंग बसत नाही, हे रंगवणारीला पहिल्याच पातेल्यात कळून चुकते.

विणण्याचे गणित याहूनही सूक्ष्म आहे. जाळीच्या विणीत सुईवर दोरा घेऊन मुद्दाम एक छिद्र पाडावयाचे आणि त्याची भरपाई म्हणून जवळच दोन टाके एकत्र विणून टाक्यांची संख्या पूर्वपदावर आणावयाची, असा हा सुलट-उलट टाक्यांचा अखंड जमाखर्च असतो; त्यात एक दोरा घ्यावयाचा राहिला आणि ते दहा ओळींनंतर ध्यानात आले, तर दहाही ओळी उसवण्यावाचून गत्यंतर नसते. पट्ट्यांची शाल त्या मानाने सोपी वाटते. पण हाताने रंगवलेल्या दोन लडी कधीच तंतोतंत सारख्या उतरत नाहीत, आणि म्हणून जाणती विणकरीण एकाच रंगाच्याही दोन लडी घेऊन दोन-दोन ओळींनी त्या आळीपाळीने विणते, जेणेकरून रंगांतील तफावत डाग न वाटता छटा वाटावी. एवढ्या व्यवधानाने विणलेल्या शालीला, समजा, ऐंशी तास लागले आणि तासाला केवळ पन्नास रुपये धरले, तरी मजुरीच चार हजार होते. हा आकडा ऐकून गिऱ्हाईक दचकते, आणि त्याच्याआधी विणणारी स्वतः दचकते. तिला लहानपणापासून सांगण्यात आलेले असते की, हे फावल्या वेळचे काम. आणि फावल्या वेळेला मोल नसते.

आता माळरानाकडे वळू. दख्खनी मेंढी ही या पठाराची मूळ रहिवासी. तिच्या लोणंद, सोलापुरी, कोल्हापुरी या पोटजातींबरोबर संगमनेरी हीही एक गणली जाते. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतून धनगरांचे वाडे पावसाळा सरल्यावर कोकणाच्या दिशेने उतरतात आणि वळवाच्या सुमारास परततात. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने आयुष्यातील कित्येक वर्षे या लोकांच्या ओव्या आणि दैवतकथा गोळा करण्यात वेचली, तेव्हा आपल्या विद्यापीठांना या भटक्यांच्या ज्ञानाची काहीशी दखल घ्यावीशी वाटली. मेंढ्यांची कातरणी वर्षातून दोनदा होते. कातरलेली लोकर पिंजून, पेळू करून तिचे सूत काढावयाचे ते बहुशः बायकांनी. त्या सुताला चिंचोक्याची खळ लावून मागावर घोंगडी विणावयाची ती सणगर वा खुटेकर विणकरांनी, अशी ही जुनी वाटणी. कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची लोकर मऊ म्हणून तिच्या घोंगडीला विशेष मान. आणि काळ्या घोंगडीच्या काठाला जे पांढरे वा करडे पट्टे दिसतात, त्यांना रंगाऱ्याची गरजच पडत नाही. मेंढीने जो वर्ण अंगावर आणला, तोच निवडून, वेगळा करून, विणकर पट्टा उठवतो. पट्ट्यांच्या शालीचे जे शास्त्र आज नव्याने शिकले जात आहे, त्याचा एक पाठ या मातीत कैक शतके गिरवला गेला आहे.

तथापि भावनेच्या भरात वस्तुस्थिती झाकण्यात अर्थ नाही. मेरिनो मेंढीचा तंतू साधारणतः २४ मायक्रॉनच्या आत असतो. दख्खनीचा त्याच्या दीड-दोन पट जाड, आणि ३० मायक्रॉनच्या पुढचा तंतू कातडीला टोचू लागतो. तिची लोकर गडद असल्याने तिच्यावर डाळिंबाचा पिवळा चढणार नाही, आणि तिची जाळीदार शाल विणण्याचा हट्ट धरणे म्हणजे बाजरीच्या पिठाच्या पुरणपोळ्या लाटण्याचा हट्ट धरणे होय. देशभरात वर्षाकाठी सुमारे ३.३ कोटी किलो लोकर निघते. तीपैकी ८५ टक्के गालिच्याच्या कामाची, १० टक्के त्याहून भरड, आणि अंगावरच्या वस्त्रांना योग्य अशी जेमतेम ५ टक्के. म्हणूनच वस्त्रांसाठीची तलम लोकर आपण ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून आणतो, आणि दख्खनी लोकरीला मागणी उरलेली नाही. पानिपतच्या चिंध्यांपासून बनलेल्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीची जागा घेतली. आदर्श ठरलेल्या राळेगणसिद्धी व हिवरेबाजार येथील चराईबंदीचे अनुकरण गावोगाव झाले, त्यात पाणी अडले, गवतही वाढले, पण मेंढपाळाचा माळ मात्र आक्रसला. आणि संशोधनाचा ओघही स्वाभाविकपणे मांसाकडे वळला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' सिद्ध केली, ते मेंढपाळाच्या हिताचेच झाले. परंतु लोकर मात्र कातरणीची मजुरी उगवू न शकणारा एक भार होऊन बसली, आणि पुष्कळ ठिकाणी ती उकिरड्यावर जाते.

येथे दोन स्त्रिया समोरासमोर उभ्या राहतात. एक शहरातील, जी ऐंशी तासांची शाल लोकरीच्या भावात देते. दुसरी वाड्यावरची, जिने काढलेल्या सुताला भावच नाही. दोघींच्या श्रमाची नोंद कोणत्याही कीर्दीत वा खतावणीत नाही. नगरच्या इतिहासात माग मात्र नेहमी नोंदला गेला. १८३१ पासून येथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे सुधारलेला हातमाग तयार केला, त्याची वाखाणणी सरकारदरबारी झाली. पुढे १९८५ च्या कायद्याने कांबळी, बराकीची ब्लँकेटे आणि शाली यांसारखे जिन्नस हातमागासाठी राखून ठेवले. मागावर बसणारा माणूस कारागीर ठरला, त्याची शिरगणती झाली, त्याच्यासाठी योजना निघाल्या. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून शिवणकाम आणि सुयांवरचे विणकाम या देशात पसरले, ते मात्र सुगृहिणीचे भूषण म्हणून. आणि भूषणाला वेतन कोण देतो?

या समजुतीचा परिणाम कोठवर जातो हे पाहावयाचे तर आंध्रातील नरसापूरचे उदाहरण पुरेसे आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी दांपत्याने तेथे क्रोशाची लेस आणली. तिचा व्यापार समुद्रापार गेला, व्यापारी गबर झाले, पण दिवसाचे सहा-आठ तास सुई चालवणाऱ्या स्त्रिया गृहिणीच राहिल्या, कामगार कधी ठरल्याच नाहीत. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सारे साधार मांडले आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर तर अंगठीतून आरपार निघतील इतक्या तलम शाली विणल्या जात. आणि विणणारीला दुकानदार रोख पैसा न देता चहा वा कापड हाती ठेवी, जे तिला पोटासाठी पुन्हा कमी भावाने विकावे लागे. १८७२ च्या सरकारी चौकशीत या स्त्रियांनी आपल्या कैफियती मांडल्या, तेव्हा ही वहिवाट दप्तरात उतरली. कौशल्य जगन्मान्य असले म्हणजे मोबदला आपोआप मिळतो, हा भ्रम या दोन दाखल्यांनी दूर व्हावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. छंदाचा आनंद त्याच्या निर्हेतुकतेत आहे. त्याला घड्याळ आणि दरपत्रक लावले की आनंद मावळेल, असे कित्येक विणणाऱ्याच सांगतील. मला हे मान्य आहे. नातवासाठी विणलेल्या शालीचे तास कोणी मोजू नयेत, आणि स्वतःच्या समाधानासाठी विणणारीने कोणाला हिशेब देण्याचे कारण नाही. परंतु शाल विक्रीला गेली की ती एकटीची राहत नाही. जी हौसेने अर्ध्या दरात देते, ती पोटासाठी विणणाऱ्या दुसरीचा दर पाडते. विकावयाचे तर पुऱ्या मोलाने, नाहीतर प्रेमाने द्यावयाचे; या दोहोंमधली केविलवाणी वाट बंद झाली पाहिजे.

करावयाचे काय, याची तजवीज या जिल्ह्याला अवघड नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे; १९७८ पासून पुण्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. या दोहोंनी कातरणीच्या हंगामात वाड्यांपर्यंत जाऊन लोकर वर्णानुसार आणि प्रतीनुसार वेगळी करण्याची, जावळ निराळे ठेवण्याची, आणि ती धुवून-पिंजून देणारे एखादे लहान केंद्र उभारण्याची तसदी घ्यावी. भरड काळ्या-करड्या सुताच्या जाड, पट्टेदार पांघरुणांसाठी ती लोकर उत्तम आहे. जाळीच्या शालीला तलम लोकर बाहेरून आली तरी हरकत नाही, रंग येथल्या डाळिंबाचा असू द्या. बचत गटांनी प्रत्येक शालीबरोबर एक चिठ्ठी द्यावी : लोकर किती, सूत कोणी काढले, तास किती लागले, आणि तासाचा दर काय, तो दर सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाखाली जाऊ नये. उसाची किंमत दुसऱ्याने ठरवावी आणि शेतकऱ्याने निमूट घ्यावी, ही रीत याच जिल्ह्याने प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, सहकारी साखर कारखाना काढून, १९५० च्या सुमारास मोडली. उसाच्या गाडीचे वजन आपल्या काट्यावर करावयास शिकलेल्या समाजाने बायकांच्या तासांचे वजन करावयास संकोचू नये.

राहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. ते आपल्या डोळ्यांदेखत आहे. महाराष्ट्रात शाल आणि श्रीफळ दिल्याविना सत्कार होत नाही. जिल्हा परिषद, साखर कारखाने, पतसंस्था, महाविद्यालये वर्षभर ज्या शाली वाटतात, त्या बहुधा यंत्रावरच्या, कृत्रिम धाग्याच्या असतात आणि पांघरणाऱ्याच्या कपाटात घडीही न मोडता पडून राहतात. धनगर समाजाच्या मेळाव्यांत पाहुण्याच्या खांद्यावर घोंगडी टाकण्याची जी प्रथा आहे, ती या बाबतीत कितीतरी शहाणी. चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या धनगरकन्येने नर्मदाकाठच्या महेश्वरास विणकरांना आश्रय दिला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या महेश्वरी वस्त्राचे नाव आज देशभर आहे. तिचे नाव आपण २०२४ साली जिल्ह्याला दिले, तिची त्रिशताब्दी २०२५ साली साजरी केली. त्या नावाचे ऋण फेडावयाचे तर एका साध्या ठरावाने आरंभ करता येईल : दरवर्षी ३१ मे रोजी चौंडीला होणाऱ्या सत्कारांत, आणि त्यानंतर जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी व सहकारी समारंभात, ज्या शालीसोबत तास, दर आणि मजुरी पोचल्याची चिठ्ठी नाही, ती शाल कोणाच्याही खांद्यावर घातली जाऊ नये.