चौकटीतला माणूस कोण?

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील एक तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती मिळविली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. या घटनेचे वऱ्हाडात विशेष कौतुक झाले असल्यास नवल नाही. हा मुलूख कधीकाळी भोसल्यांच्याच अमलाखालचा. परंतु या कौतुकात एक गोष्ट दुर्लक्षित राहू नये. त्या तलवारीवर देवनागरी अक्षरांत रघूजी भोसल्यांचे नाव कोरलेले होते. ते नसते, तर ती अठराव्या शतकातील एक चांगली तलवार म्हणून कोणा हौशी संग्राहकाच्या भिंतीवर गेली असती आणि महाराष्ट्राला तिचा पत्ताही लागला नसता. लोखंड परत आले ते नावामुळे.

जुन्या ब्रिटिश व्यक्तिचित्रांच्या बाजारात हाच न्याय अधिक उघडपणे दिसतो. इंग्लंडमधील लिलावांच्या सूच्या चाळल्या, तर ‘एका गृहस्थाचे व्यक्तिचित्र’, ‘एका स्त्रीचे व्यक्तिचित्र’ अशा नोंदी पुनःपुन्हा आढळतात. चित्र उत्तम असते, रेशमी वस्त्रांची झळाळी टिकलेली असते. पण बसलेला माणूस कोण हे घरच्यांनी लिहून ठेवले नाही आणि तिसऱ्या पिढीत ते कोणालाच आठवेनासे झाले. चित्रकाराच्या नावाबाबतही अशीच उतरंड असते. ‘अमुक यांचे’, ‘अमुक यांचे मानले जाणारे’, ‘अमुक यांच्या चित्रशाळेतील’, ‘त्यांच्या परिवारातील’, ‘त्यांच्यावरून काढलेले’ अशा एकेका पायरीगणिक किंमत घसरत जाते. हातोडा पडतो तो रंगांवर नव्हे, खात्रीवर. जाणता संग्राहक म्हणूनच चित्राच्या दर्शनी बाजूइतकीच त्याची पाठ न्याहाळतो. तेथील जुनी चिठ्ठी, पूर्वीच्या लिलावाचा क्रमांक, चौकट बनविणाऱ्याचा शिक्का, एखाद्या वारसाने लिहिलेली एक ओळ, हीच त्या चित्राची वंशावळ असते.

छापील व्यक्तिचित्रांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तैलचित्र एकाच घरात राही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेली त्याची छापील प्रत मात्र दुकानाच्या खिडकीत लागे आणि मध्यम प्राप्तीच्या माणसालाही विकत घेता येई. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेझोटिंट ही पद्धत फार बहरली. सारा पत्रा आधी दातेरी हत्याराने खरखरीत करावयाचा आणि मग उजेडाच्या जागा घासून गुळगुळीत करावयाच्या, असे तिचे तंत्र होते. पत्रा लवकर झिजत असल्याने आरंभीच्या ठशांना आजही अधिक मोल येते. या प्रतींच्या खालच्या समासात डावीकडे चित्रकाराचे, उजवीकडे कोरणाऱ्याचे आणि मधोमध चित्रातील व्यक्तीचे नाव छापण्याची प्रथा होती. पुढे अनेकांनी चौकटीत बसावे म्हणून हे समासच कापून टाकले आणि चित्राबरोबर आलेली साक्ष कात्रीने नाहीशी झाली. अशा कापलेल्या प्रतीला लिलावात भाव येत नाही.

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुण्यात त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे काढली. पेशवे व नाना यांचे त्याचे प्रसिद्ध चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगविलेले पेशव्यांच्या दरबाराचे भव्य चित्र टेट संग्रहालयात आहे. त्याच काळात पुण्याचा गंगाराम तांबट इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्यासाठी रेखाटने करीत होता. ती आज अमेरिकेत, येल येथील संग्रहात पाहावी लागतात. गंगारामाचे नाव उरले, कारण ज्यांच्याकडे ती रेखाटने गेली त्यांनी ते टिपून ठेवले. त्याच्यासारखे आणखी किती हात नाव न लिहिल्यामुळे विस्मृतीत गेले असतील, याचा हिशेब कोण देणार?

वऱ्हाडाचा संबंध तर थेट रणभूमीचा आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात आणि पुढे १५ डिसेंबरला गाविलगडावर आर्थर वेलस्लीने भोसल्यांचे बळ मोडले. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. स्पॅनिश चित्रकार गोयाने काढलेले त्याचे व्यक्तिचित्र १९६१ मध्ये लंडनच्या लिलावात एका अमेरिकन संग्राहकाने १,४०,००० पौंडांना घेतले, तेव्हा ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून एका न्यासाने आणि ब्रिटिश सरकारने मिळून तेवढीच रक्कम उभी केली. अलीकडे, २०२३ मध्ये, रेनॉल्ड्सने रंगविलेले माई या पॅसिफिक बेटांवरील तरुणाचे चित्र पाच कोटी पौंडांना घेण्यासाठी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने अमेरिकेतील गेटी संस्थेशी भागीदारी केली आणि त्यासाठी सामान्य नागरिकांनीही पैसे दिले. जेत्यांनी आपल्या सेनापतीची चित्रे जपली. पराभूतांच्या बाजूने अडगावला लढलेल्या किती जणांची चित्रे उरली, हा प्रश्न वऱ्हाडच्या माणसाने स्वतःला विचारला पाहिजे.

यावर दोन आक्षेप संभवतात. साहेबांची चित्रे जमविणे ही गुलामीची हौस आहे, असा पहिला. त्याला उत्तर मुंबईत आणि बडोद्यात मिळते. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमविलेली युरोपीय चित्रे आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जनतेची झाली आहेत. सयाजीराव गायकवाडांनी इंग्लंडमधील जाणकाराच्या सल्ल्याने घेतलेली चित्रे बडोद्याच्या चित्रशाळेत विद्यार्थ्यांसाठी लावली गेली. परक्याची कला पारखून घेणे ही गुलामी नव्हे. स्वतःची न पारखता टाकून देणे ही मात्र निश्चितच गुलामी आहे. दुसरा आक्षेप पैशाचा. शासनाने प्रत्येक लिलावात बोली लावावी, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. जेथे वस्तूवर नाव आहे, मुलखाशी नाते सिद्ध आहे आणि ती सार्वजनिक संग्रहात राहणार आहे, तेथेच जनतेचा पैसा खर्चावा.

पण खरी कसोटी लंडनमध्ये नाही. ती मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावी आहे. गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुऱ्यात गेले. त्यांचे चित्र ओळखायला खाली नाव लागत नाही. हातातले गाडगे पाहून शाळकरी पोरही ते ओळखते. इतरांचे भाग्य तसे नसते. जुन्या शाळा, वाचनालये, जिनिंग कारखान्यांच्या कचेऱ्या आणि वाडे यांतून देणगीदारांची, मुख्याध्यापकांची, वकिलांची, स्वातंत्र्यसैनिकांची तैलचित्रे व मोठी छायाचित्रे धूळ खात असतात. रंगरंगोटीच्या वेळी ती खाली उतरतात, माळ्यावर जातात, आणि एक दिवस चौकटीच्या लाकडाच्या भावाने भंगारात निघतात. इंग्लंडमध्ये निनावी गृहस्थाला निदान लिलावाची सूची मिळते. येथे तीही मिळत नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. प्रत्येक संस्थेने एक साधी नोंदवही घालावी. चित्र कोणाचे, कोणी काढले, कोणी दिले, कोणत्या वर्षी, हे वृद्धांना विचारून तीत लिहावे आणि चित्राचे छायाचित्र सोबत लावावे. चित्राच्या कापडावर शाईने काही लिहू नये. नावाची चिठ्ठी चौकटीच्या मागे बांधावी. जुनी चौकट बदलताना पाठीवरची चिठ्ठी वा स्टुडिओचा शिक्का फेकू नये, समास कापू नये. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची चित्रे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत, हेही संस्थाचालकांना ठाऊक असावे. हे काम शिक्षकाने मनावर घेतले, विद्यार्थ्यांनी घरोघर विचारपूस केली आणि कचेरीतल्या लिपिकाने सुवाच्य अक्षरांत उतरविले, तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुका पुरा होईल.

कायद्याने चित्र देशात राहील, पैशाने एखादे परत येईल. चौकटीतला माणूस कोण, हे मात्र ना कायदा सांगू शकतो ना पैसा. ते सांगणारी पिढी आज हयात आहे. तिला विचारण्यास उशीर झाला, तर उद्या वऱ्हाडच्या भिंतींवरही केवळ ‘एक गृहस्थ’ उरतील.