मोजायचं तर सगळंच मोजा

नॅकची समिती यायची म्हटलं की आमच्याकडे कॉलेजच्या भिंतींना रंग लागतो. १९९४ पासून नॅक आहे. कॉलेज मोजायला माझा विरोध नाही. पण दोष कुणाचा आणि मार्क कुणाचे कापता?

कायम प्राध्यापक निवृत्त झाले. सरकारने जागा भरली नाही, म्हणून तासिका तत्त्वावर माणूस घेतला. खर्च घटला, विद्यार्थी तेवढेच. सरकारच्या वहीत कार्यक्षमता वाढली! रिकाम्या पदांचे गुण मात्र कॉलेजचे गेले. सर तास संपला की दुसऱ्या कॉलेजला पळतात; पोरांनी शंका विचारायची कुणाला?

दुसरं, निकाल. नव्वद टक्केवाल्यांनाच घेणारं शहरी कॉलेज आणि कशीबशी बारावी झालेल्यालाही घेणारं आमचं, एकाच तराजूत कसं? पोरगं कुठून निघालं नि कुठवर पोचलं, ते मोजा ना! एसटीची फेरी बंद झाली म्हणून घरी बसलेली पोरगी गळतीच्या आकड्यात दिसते, बंद झालेली एसटी दिसत नाही.

मंडळी, गेटवर ग्रेडचा फ्लेक्स लागला की टाळ्या जरूर वाजवा. फक्त आमदारसाहेबांना एवढंच विचारा: कायम मास्तर किती, आणि रिकाम्या जागा कधी भरणार?