रोप लावणारे पुष्कळ, पाळी घेणारे हवेत

यवतमाळच्या आमच्या लोहाऱ्यात पहिला पाऊस पडला की रोपं लावायची धामधूम सुरू होते, आणि मे महिन्यात तिथे नुसते खड्डे दिसतात. राज्य सरकारने 2019 साली 33 कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं. पण आळ्यात पाणी घालायला गल्लीतलाच माणूस लागतो, आणि तो एकटा पुरत नाही.

2018 च्या उन्हाळ्यात निळोणा धरण आटलं. नळाला दिवसचे दिवस पाणी नव्हतं. आमच्या रस्त्याचे कडुनिंब तेव्हा जेमतेम कमरेएवढे. आम्ही शेजाऱ्यांनी पाळ्या ठरवल्या: तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत जमा करायचं, संध्याकाळी ऊन उतरलं की आळ्यात ओतायचं. एखाद्या घरी लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, तरी पुढचं घर बादली उचलायचं. एकाच्या हौसेवर ती झाडं जूनपर्यंत पोचली नसती. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं फक्त मान हलवण्यापुरती ओळख होती, त्यांच्या घरी आज माझं जाणं-येणं आहे, हा लाभही मला लहान वाटत नाही.

दुसरा लाभ कागदावरचा. शहरी भागात झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, नागरिकांना हरकतही घेता येते. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. गटात एक जण अर्ज लिहितो, दुसरा फोटो काढतो, तिसरा पोच घेऊन पुन्हा विचारायला जातो.

चंद्रपूरकडेही एक लोहारा आहे, ताडोब्याच्या जंगलालगत. तिथे कोळसा खाण येऊ घातली होती. 2009 मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे त्याविरुद्ध उपोषणाला बसले, लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि खाणीला पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी मिळाली नाही. पुढे 2017 मध्ये याच संस्थेच्या कार्यकर्त्यांनी चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्यावरची झुडपं आणि कचरा काढला. एका लढ्यात जमलेली माणसं दुसऱ्या कामालाही हजर असतात. मला गटाचं मोल वाटतं ते यासाठीच.

यंदा रोप लावताना फोटोच्या आधी पाळीचा कागद करा. जवळपास एखादा गट असेल तर त्यात नाव द्या, नसेल तर शेजारची चार घरं गाठा. एप्रिल-मेच्या रकान्यात पहिलं नाव स्वतःचं लिहा.