रूळ उखडले, वाट राहिली

दिवाळी आणि कार्तिकी पौर्णिमा उलटली की चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. नेमका त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात येतो. नंदुरबार जिल्ह्यातील रस्त्यांवर हे दोन्ही प्रवास मग एकाच वेळी चालतात. शहादा-तळोदा-अक्कलकुव्याकडे जाणारा रस्ता घ्या किंवा नवापूर-विसरवाडीवरून कोंडाईबारी घाटाकडे चढणारा सुरत-धुळे महामार्ग घ्या. सकाळच्या धुक्यात डांबराच्या कडेने अनवाणी चालणारे मुनिमहाराज, सोबत विहारसेवेचे दोन-चार तरुण, आणि पाठीमागून येणारी उसाची दुहेरी ट्रॉली. त्याच कडेवर तिसरी प्रवासीही असते. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर, दप्तर मागे बांधून शाळेला निघालेली मुलगी. शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी ही सायकल दिली जाते. सायकल देणाऱ्या योजनेत ती चालवण्यासाठी वेगळी वाट मात्र नाही.

मोटारीचा स्पर्श नसलेली लांब पल्ल्याची वाट आजच्या काळात शक्य तरी आहे का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. युरोपची सहल करून आलेल्या कुटुंबांनी फ्रान्समध्ये अशा वाटा पाहिल्या असतील. दुतर्फा झाडी, मधून जाणारी तीन मीटरच्या आसपास रुंदीची सपाट पट्टी, तिच्यावर सायकलस्वार, पायी चालणारी वृद्ध जोडपी, बाबागाडी ढकलणाऱ्या माता. फ्रेंच भाषेत या वाटांना ‘हिरवी वाट’ अशा अर्थाचे नाव आहे आणि २००४ पासून त्यांना तेथील वाहतूक नियमांत स्वतंत्र दर्जा आहे. छायाचित्रे पाहून वाटते की श्रीमंत देशाने हौसेखातर पैसा ओतला असेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. यांतील पुष्कळशा वाटा व्यापाराने वापरून टाकून दिलेल्या जागेवर उभ्या आहेत.

दक्षिण फ्रान्समधील ‘कनाल द्यु मिदी’ या कालव्याचे उदाहरण व्यापारी वाचकांना विशेष रुचेल. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या सेत बंदरापर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा हा कालवा पिएर-पॉल रिके या गृहस्थाने बांधला. तो अभियंता नव्हता. मिठावरील कर वसूल करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. स्पेनला वळसा न घालता एका समुद्रातून दुसऱ्या समुद्राकडे माल नेता आला तर केवढा फायदा होईल, हा हिशेब त्याने मांडला. चौदाव्या लुईने १६६६ मध्ये राजाज्ञा काढली. खरी अडचण पाण्याची होती. कालव्याच्या सर्वोच्च बिंदूला, नोरूझच्या खिंडीत, बारमाही पाणी आणायचे कोठून? रिकेने डोंगरातील ओढे वळवले आणि सँ-फेरेओल येथे मोठे धरण बांधून पाणी साठवले. स्वतःची संपत्ती त्यात घातली, वर कर्ज काढले. १६८१ मध्ये कालवा खुला झाला, पण त्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, रिकेने जगाचा निरोप घेतला होता. कर्जाचा बोजा वारसांवर आला.

या कालव्याच्या काठाने घोडे दोर ओढीत चालत आणि नावा पुढे सरकत. घोड्यांसाठीच ती काठची वाट राखलेली होती. पुढे १८५७ मध्ये बोर्दो ते सेत ही रेल्वे पूर्ण झाली आणि दुसऱ्याच वर्षी कालव्याचा मक्ता रेल्वे कंपनीनेच घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती किल्ल्या गेल्यावर त्या धंद्याचे काय होते, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगायला नको. विसाव्या शतकाच्या अखेरीस मालाच्या नावा थांबल्या. तोवर खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या रेल्वेच्या शाखांवरही ट्रकांनी तीच वेळ आणली होती. रूळ गंजले, स्थानके ओस पडली. बर्गंडी प्रांतात जीव्री ते क्लुनी या बंद लोहमार्गाचे रूळ काढून तेथे १९९७ मध्ये सायकलींची वाट खुली झाली. ती देशातील अशा प्रकारची पहिली मानली जाते.

आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही आणि कालव्याचे पाणी सपाटीवरच उभे राहते. म्हणून पूर्वजांनी डोंगर फोडले, भराव टाकले, पूल बांधले. त्या खर्चाचा लाभ आज साठीच्या सायकलस्वाराच्या गुडघ्यांना मिळतो. ताळेबंदात ज्या मालमत्तेची किंमत शून्यावर आली होती, तिच्यातला सर्वांत मौल्यवान भाग, म्हणजे अखंड सपाट पट्टी, शाबूत होता. अशा पट्टीचे गणित शेताच्या तुकड्यासारखे नसते. वीस किलोमीटरच्या पट्टीतील मधला अर्धा किलोमीटर विकला गेला, तर उरलेल्या साडेएकोणीस किलोमीटरची किंमत जवळपास संपते. फ्रान्समधील स्थानिक संस्थांनी जेथे पट्टी वेळेवर हातात घेतली तेथे वाट झाली. जेथे तुकडे विकले गेले तेथे सायकलस्वार आजही मोटारींच्या रस्त्यावर उतरतो.

तेव्हा तेथे सारे आलबेल आहे, असे मानू नये. कनाल द्यु मिदीच्या काठी तुलूझकडचे सुमारे पन्नास किलोमीटर गुळगुळीत आहेत. त्यानंतर मात्र झाडांची मुळे, चिखल आणि खड्डे. काठची जुनी चिनारसदृश झाडे एका बुरशीजन्य रोगाने ग्रासली असून २००६ पासून हजारोंच्या संख्येने तोडावी लागली आहेत. लोआर नदीकाठचा प्रसिद्ध सुमारे ९०० किलोमीटरचा सायकल मार्गही संपूर्ण मोटारविरहित नाही. त्याचा बराच भाग कमी रहदारीच्या साध्या रस्त्यांवरून जातो. सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे बारीक अक्षरातही आढळत नाही!

बर्गंडीतील एक व्यवस्था मात्र अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांत आवर्जून सांगण्याजोगी आहे. क्लुनीच्या दक्षिणेस हा मार्ग सुमारे १,६०० मीटर लांबीच्या जुन्या रेल्वे बोगद्यातून जातो. हिवाळ्यात बोगद्याला कुलूप लागते, कारण त्या काळात आत वटवाघळे दीर्घनिद्रेत असतात. सायकलस्वारांनी डोंगरावरून वळसा घालावा, अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्रात अशा पट्ट्या आहेत का? विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ नावाने ओळखली जाणारी सुमारे १९० किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी ब्रिटिश कंपनीने घातली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता गाडी बंद आहे आणि स्थानिकांची मागणी रुंद रुळांची आहे. ती मागणी रास्त आहे. जिवंत होऊ शकणाऱ्या रेल्वेची सायकलवाट करणे हा शहाणपणा नव्हे. मात्र निर्णय होईपर्यंत पट्टी अखंड राखणे दोन्ही पर्यायांसाठी आवश्यक आहे. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या काठी ३९ किलोमीटरच्या सायकल मार्गाची आखणी महापालिकेने केली, ती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमणे हटवल्यावर. तेथील विस्थापित कुटुंबांना माहुलला जावे लागले आणि त्यांच्या हालांच्या कहाण्या वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत राहिल्या. पट्टी आधी राखली नाही, तर ती नंतर मोकळी करण्याची किंमत सर्वांत गरीब माणूस मोजतो.

नंदुरबारची रेल्वे सुदैवाने जिवंत आहे. सुरत-भुसावळ या तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने येथील मिरचीची आणि कापसाची बाजारपेठ घडवली आणि २०१८ मध्ये त्या मार्गाचे दुहेरीकरणही पूर्ण झाले. त्यामुळे उखडलेल्या रुळांची वाट येथे मिळणार नाही. पण पाट आहेत. नवापूर तालुक्यातील रंगावली, नंदुरबारजवळचा शिवण, असे मध्यम प्रकल्प जिल्ह्यात आहेत. कालव्यांच्या काठाने देखरेखीसाठी मातीचा किंवा मुरमाचा रस्ता ठेवलेला असतो. ही जमीन जलसंपदा विभागाची असते. तो सार्वजनिक रस्ता नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तरीही बैलगाड्या, शेतमजूर आणि कित्येक ठिकाणी शाळकरी मुले तो वापरतातच. सेत ते तुलूझ असा पल्ला येथे नाही. पाच-सात किलोमीटरचे तुकडे आहेत. ज्या मुलीची शाळा पाच किलोमीटरच्या आत आहे, तिला याहून अधिक लागत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. पाण्याचे आवर्तन सुरू असताना काठाला पाझर फुटतो, चिखल होतो. कठडा नसलेल्या वाहत्या पाटाशेजारून लहान मुलांनी सायकल चालवणे धोक्याचे आहे. साधू-साध्वींना ओल्या, गवत उगवलेल्या भूमीवरून पाऊल टाकता येत नाही. दाबून घट्ट केलेल्या मुरमाचा मधला पट्टा कोरडा आणि स्वच्छ असेल, तरच ती वाट विहाराला चालेल. फ्रान्समध्येही असाच वाद आहे. सायकलवाल्यांना डांबर हवे असते आणि पायी चालणाऱ्यांना माती. येथे मात्र तापलेल्या डांबरापेक्षा मुरूम अनवाणी पायांना सोसतो आणि सायकललाही चालतो. खर्चही कमी येतो.

सर्वांत अवघड आक्षेप आई-वडिलांचा आहे. निर्मनुष्य पाटावरून मुलीला एकटी पाठवायची कशी? महामार्गावर निदान माणसे तरी असतात. या आक्षेपाला रोलर आणि मुरूम हे उत्तर नाही. फ्रान्समधील वाटा सुरक्षित वाटतात, कारण त्यांवर परदेशी पर्यटकांखेरीज आसपासच्या गावांतील माणसे रोज चालत असतात. ओस वाट कोणत्याही देशात भीतीदायकच असते. विहारसेवेच्या तरुणांची वेळ आणि सकाळच्या शाळेची वेळ बऱ्याच अंशी जुळते. एखाद्या गावच्या संघाने आणि शाळेने मिळून हिवाळ्याचे चार महिने एका तुकड्यावर ही दोन्ही कामे एकत्र करून पाहिली, तर खर्च फारसा नाही. मुली गटाने जातील, पुढे-मागे ओळखीची माणसे असतील. विहार नसलेल्या दिवशी कोण जाणार, हे मात्र आधी ठरवावे लागेल. चार दिवस सोबत आणि पाचव्या दिवशी कोणी नाही, अशी व्यवस्था मुलींच्या घरी कोणी मान्य करणार नाही.

फ्रान्समध्ये आणखी एक व्यवस्था आहे, जी येथील धर्मशाळांना ओळखीची वाटेल. सायकल मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या निवासगृहाने सायकली ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीची साधने ठेवली, तर त्याला एक विशिष्ट मान्यताचिन्ह मिळते. महामार्गांवरील विहारधामांच्या अंगणात हवा भरण्याचा पंप आणि पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवायला मात्र कोणाच्या चिन्हाची गरज नाही.

राहिला प्रश्न मोटारींचा. पाटावरील रस्ता सुधारला की पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्टर त्यावर येतील, ही भीती निराधार नाही. फ्रान्समध्ये वाटेच्या तोंडाशी खांब रोवतात. बाबागाडी आणि सायकल जाते, मोटार अडते. येथे शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याची बैलगाडी अडवता येणार नाही आणि जलसंपदा विभागाच्या जीपलाही जावे लागते. म्हणून जेथे पलीकडे शेतांना दुसरा रस्ता आहे, तेवढ्याच तुकड्याला फाटक बसवणे शक्य आहे. शेजारून सायकल निघेल एवढी फट ठेवायची, आणि फाटकाची किल्ली पाटकऱ्याकडे.