शनिवारची दुपार मुलींना द्या

मैदानाबाहेर

2 नोव्हेंबर 2025च्या रात्री नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुढाऱ्यांच्या भाषणात एक वाक्य हटकून येऊ लागलं: आता गावागावांतून स्मृती घडवू. फलक लागले, सत्कार झाले. राज्य सरकारनं स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले. द्यायलाच हवे होते. पण ‘गावागावांतून’ म्हणजे नेमकं कुठून, हे कुणी बोलत नाही. म्हणून या आठवड्यात मी एकच गाव धरते. राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना.

हे गणपतीचं राजूर. अंगारकीला इथं मुंगीला शिरायला जागा नसते. क्रिकेटचं म्हणाल तर जिल्ह्याला ते नवं नाही. विजय झोल जालन्याचाच. 2011च्या डिसेंबरात रत्नागिरीत आसामविरुद्ध एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात त्यानं नाबाद 451 धावा केल्या, 2014च्या युवा विश्वचषकात भारताचं कर्णधारपद भूषवलं. थंडी पडू लागली की आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या नावाचा चषक सुरू होतो. टेनिस बॉल, मंडप, भोंग्यावरचं समालोचन, पहिल्या बक्षिसाचा आकडा फलकावर हातभर अक्षरांत. त्या फलकावर मुलींचा एखादा सामना मला तरी अजून दिसलेला नाही.

मुलगी एकटी पळू शकते, एकटी भाला फेकू शकते. क्रिकेटला मात्र बाकीच्या दहाजणी लागतात, समोर आणखी अकरा लागतात. किरण नवगिरेचंच बघा. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या शेतकऱ्याची ही मुलगी आधी भालाफेक करायची. लेदर बॉलचं क्रिकेट तिला पुण्यात कॉलेजला आल्यावर मिळालं. नाव झालं तेही नागालँडकडून पाहुणी खेळाडू म्हणून. 2022मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिनं 76 चेंडूंत 162 धावा केल्या. टी-ट्वेंटीत दीडशेच्या पुढं गेलेली ती पहिली भारतीय, पुरुष धरूनही. पुढं ऑक्टोबर 2025मध्ये नागपुरात महाराष्ट्राकडून खेळताना पंजाबविरुद्ध 34 चेंडूंत शतक. महिलांच्या टी-ट्वेंटीत एवढं वेगवान शतक तोवर कुणी ठोकलेलं नव्हतं.

ही गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती उशिराची वाटते. एवढी ताकद असलेल्या मुलीला शाळेच्या वयात क्रिकेटचा संघ मिळाला नाही. आणि जालन्यात हा उशीर फार महाग पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21मध्ये, जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे एकतृतीयांश जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कॉलेजला गेल्यावर क्रिकेट मिळेल, असं इथं मुलीला सांगण्यात अर्थ नाही.

सांगलीच्या स्मृतीचं उलट झालं. वडील आणि भाऊ दोघंही जिल्हा पातळीवर खेळलेले, भावाबरोबर ती लहानपणीच नेटमध्ये गेली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. वडील सराव आणि सामन्यांचं बघायचे, आई खाण्यापिण्याचं, प्रशिक्षक अनंत तांबवेकर बाकीचं. घर हीच अकादमी. असं घर हजारांत एखादं. बाकीच्या नऊशे नव्याण्णव घरांसाठी बाहेरचं कुणीतरी लागतं.

इथं कुणी मला अडवेल. खो-खोलाही मैदानात नऊजणी लागतातच ना? मग तो मराठवाड्यात कसा रुजला? प्रश्न रास्त आहे. धाराशिवच्या सारिका काळेला 2020मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, जानेवारी 2025मध्ये दिल्लीतला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. धाराशिवमध्ये चंद्रजीत जाधवांसारखी माणसं वर्षानुवर्षं मैदानाला चिकटून राहिली, हे एक कारण. दुसरं कारण घड्याळाचं आहे. खो-खोचा अख्खा सामना तासाच्या आत उरकतो, शाळेच्या आवारात होतो, साहित्य म्हणजे दोन खांब. क्रिकेट वेळखाऊ. नेट एक, मुली चौदा, प्रत्येकीला आठ मिनिटं फलंदाजी म्हटली तरी पावणेदोन तासांच्या वर जातात. शाळा सुटणार पाचच्या सुमाराला आणि डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाला सूर्य बुडतो. त्याच्याही आधी मुलींची एसटी निघून जाते.

आपल्या राज्यानं ग्रामीण मुलींना शाळेत आणण्यासाठी खरोखर चांगलं काम केलंय. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत. त्यांच्यामुळं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली माध्यमिक शाळेपर्यंत पोचल्या. पण गाडीचं वेळापत्रक शाळेच्या घंटेला बांधलेलं. घंटेनंतर मैदानात थांबणारी मुलगी गाडीला मुकते, आणि अंधारात तिला घरी कोण सोडणार, या प्रश्नापाशी घरचे ठाम ‘नाही’ म्हणतात. मी त्यांना दोष देणार नाही.

त्यात आणखी एक अडचण. क्रिकेटचा हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणजे नेमका ऊसतोडीचा. बीड-जालन्याच्या कितीतरी मुली त्या सहा महिन्यांत आईबापांबरोबर फडावर तरी असतात, नाहीतर मागं राहून धाकट्या भावंडांचं करत असतात. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

पण मघाशी बाहेरचं कुणीतरी लागतं म्हटलं, ते उगाच नाही. बायकांचं क्रिकेट या देशात उभं राहिलं तेच मुळी न खेळणाऱ्या माणसांच्या खटपटीवर. 1973मध्ये लखनौच्या महेंद्रकुमार शर्मांनी महिला क्रिकेट संघटना नोंदवली. त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाणांनीही पुढं या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास आणि संपूर्ण संघात दोन-तीन बॅटी, असे ते दिवस. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी त्यातून वर आल्या, भारताकडून खेळल्या आणि नंतर संघटनेच्या सचिव म्हणून 2006मध्ये ती बीसीसीआयमध्ये विलीन होईपर्यंत कागदपत्रांचं ओझंही त्यांनी वाहिलं. विश्वचषकाच्या फोटोत यातलं कुणी नाही.

आता पैसा आहे. 2022मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं झालं, 2023पासून डब्ल्यूपीएल सुरू आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेनं 2025मध्ये महिलांची महाराष्ट्र प्रीमियर लीगही (एमपीएल) भरवली, ती स्वागतार्हच. मात्र संघ चार: पुणे, सोलापूर, रत्नागिरी, रायगड. पुरुषांच्या एमपीएलमध्ये 2023पासून संभाजीनगरचा संघ आहे आणि महिलांच्या पहिल्या हंगामात मराठवाड्याच्या नावाचा एकही नाही. ‘तिकडं मुलीच नाहीत’ असं उत्तर आलं तर मी खो-खोचा संघ दाखवीन.

राजूरसारख्या गावानं मात्र पुण्याची वाट बघू नये. लेदर बॉलची घाई नको, किटचा खर्च पहिल्या वर्षी कुणाला झेपत नाही. टेनिस बॉलवर सुरुवात करा. खेळपट्टीला लागते ती काळी माती आपल्याकडे फुकट आहे. शाळेतला एखादा शिक्षक, नाहीतर गावात परतलेला जुना खेळाडू, एवढं माणूसबळ सुरुवातीला पुरे. प्रशिक्षक पुरुष असेल तर शाळेतल्या एका बाईंनी मैदानावर हजर राहावं. हे आधी ठरलं तर निम्मे पालक तिथंच तयार होतात. उरलेल्यांना दहावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण समजावून सांगा. आपल्याकडे खेळासाठी खेळ हे पटायला वेळ लागतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चषक भरवणाऱ्या मंडळींकडे माझं मागणं छोटं आहे. अंतिम सामन्याच्या दिवशी, गर्दी असताना, आधी मुलींचा सहा षटकांचा एक सामना ठेवा. भोंगा तोच, समालोचक तोच.

आणि वेळेचं काय? बहुतेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात. दुपारी ऊन असतं, पण हिवाळ्यात ते सोसण्यासारखं असतं. बारा ते दोन सराव होऊ शकतो. अडतं ते फक्त परतीच्या गाडीपाशी. तेव्हा मुख्याध्यापकांनी शाळेच्या आणि सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानं एसटीच्या जालना विभाग नियंत्रकांकडे अर्ज करावा. शनिवारची मुलींची फेरी दोननंतर सोडा, एवढीच मागणी. सोबत मुलींची यादी आणि प्रत्येकीच्या थांब्याचं नाव जोडावं.